मालाचे बिल तीन प्रतींत, मग घरचे फोटो एकाच मोबाईलमध्ये का?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, या पानावर एरवी सुताचे भाव, उधारीची वसुली आणि जीएसटीची विवरणपत्रे यांचीच चर्चा असते. आजचा विषय घरगुती आहे. घरातले फोटो आणि व्हिडीओ नीट सांभाळून कसे ठेवावेत, हा. व्यापाराच्या पानावर हे कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, दहा वर्षांपूर्वीची उधारीची चिठ्ठी पाच मिनिटांत काढून दाखवणाऱ्या माणसाला आपल्या मुलीच्या निकाहचा व्हिडीओ आज नेमका कुठे आहे, हे सांगता येत नाही. आम्हीही त्यांपैकीच एक होतो. त्याची किंमत आम्ही मोजली, म्हणून हा लेख.

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि शहराचा बाहेरशी संबंध तुटला. आमचे दुकान शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून फार लांब नाही. पुढे दुकान, मागे राहते घर. २००५ च्या पुरात पाणी उंबऱ्याशी येऊन थांबले होते. त्याच हिशेबावर विसंबून आम्ही २०१९ ला तयारी केली. कापडाचे ताके, साड्यांचे गठ्ठे, वह्या, संगणक, शिलाई मशीन असे सारे शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नेले. दोन मुले, दोन नोकर आणि आम्ही, रात्री दोनपर्यंत माल वाहत होतो.

मागच्या खोलीत कपाटाच्या खालच्या फळीवर एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात तीन आल्बम, आमच्या १९९६ च्या निकाहची व्हीएचएस कॅसेट, मुलांच्या बारशा-अकिक्यांचे फोटो आणि मरहूम वालिदसाहेबांची मोजकी चित्रे. या पेटीची आठवण पाच जणांपैकी एकालाही झाली नाही.

पाणी उतरल्यावर परत आलो. मालाचा पंचनामा झाला. पेटीचा पंचनामा कोण करणार? आल्बमची पाने एकमेकांना चिकटून वीट झाली होती. आम्ही उतावीळपणे ती हाताने ओढली आणि एका पानावरचे चेहरे दुसऱ्या पानाच्या पाठीला चिकटून निघाले. कॅसेट एका ओळखीच्या माणसाकडे नेली, त्याने ती चिखलासकट यंत्रात घातली, फीत आत गुंडाळली गेली आणि तुटली. म्हणजे जे पाण्याने सोडले होते ते आम्ही आमच्या हाताने घालवले. ओल्या फोटोंचे काय करायला हवे होते, ते पुढे सांगणारच आहोत.

एक फोटो मात्र वाचला. १९७८ साली दुकानाची नवी पाटी लागली, त्या दिवशी वालिदसाहेब पाटीखाली उभे आहेत, असा तो फोटो. त्याची एक प्रत त्यांनी सोलापूरला आमच्या फुफीकडे खताबरोबर पाठवली होती. चाळीस वर्षे ती फुफीच्या लोखंडी कपाटात पडून होती. वालिदसाहेबांनी ती जपून ठेवण्यासाठी पाठवली नव्हती, बहिणीला दुकान दिसावे म्हणून पाठवली होती. पण कोल्हापुरातली प्रत बुडाली आणि सोलापुरातली राहिली. आज आमच्या गल्ल्यामागे जी तसबीर आहे ती त्या प्रतीवरून केलेली.

तीन प्रतींचा हिशेब

आता धंद्याच्या भाषेत बोलू. माल विकताना जीएसटीच्या नियमाप्रमाणे आपण बिलाच्या तीन प्रती काढतो. मूळ प्रत घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याकडे. तीनही प्रती एकाच गल्ल्यात ठेवल्या तर त्यांचा उपयोग काय? तीन ठिकाणी असतात म्हणूनच एक हरवली तर दुसरीवरून काम भागते.

फोटोंसाठीही हाच हिशेब आहे. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो तीन-दोन-एक अशा सोप्या आकड्यांत बसवून दिला. संगणकाच्या धंद्यातले लोक आज जगभर तोच सांगतात. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी असावी. तीनातली एक म्हणजे मोबाईलमधला मूळ फोटो, तोही मोजायचा. म्हणजे खरे काम दोनच प्रतींचे उरते.

दुसरे ठिकाण म्हणजे कुठले, याचा आपल्याकडे नीट विचार करावा लागतो. आमचे एक व्याही सांगलीचे. आम्ही आधी ठरवले होते की दुसरी डिस्क त्यांच्याकडे ठेवावी. मग लक्षात आले की २०१९ ला आणि पुन्हा जुलै २०२१ ला ज्या दिवसांत पंचगंगा आमच्या दारात होती, त्याच दिवसांत कृष्णा सांगलीच्या पेठांत होती. दोन्ही नद्यांवर पाऊस एकाच घाटमाथ्याचा. तेव्हा दुसरी प्रत सांगली, इचलकरंजी किंवा शिरोळकडे ठेवणे म्हणजे एकाच पुरात दोन गोदामे ठेवणे झाले. गावातच ठेवायची तर निदान उंचावरच्या पेठेत आणि वरच्या मजल्यावर ठेवावी.

आणि संकट पाण्याचेच येते असे नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, हे सर्वांनी पाहिले. शाहू महाराजांच्या काळची वास्तू काही तासांत गेली. घरातली चोरी, शॉर्टसर्किट, वाळवी, सगळे धरूनच हिशेब मांडावा लागतो.

कोल्हापूरला हा धडा नवा नाही. बाबूराव पेंटरांनी याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. आज तो बघायचा म्हटले तर बघता येत नाही. हिंदुस्थानातल्या मूकपटांपैकी बहुतेकांची हीच गत झाली. उलट प्रभात कंपनीचे पाहा. १९२९ साली ती कोल्हापुरातच उभी राहिली आणि १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ तिने इथे असतानाच काढला. नंतर कंपनी पुण्याला गेली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, तीत प्रभातची मूळ रिळेही गेली. तरी ‘अयोध्येचा राजा’ आजही बघायला मिळतो, कारण वेगळ्या फिल्मवर त्याच्या प्रती आधीच काढलेल्या होत्या. मोठ्या कंपनीचे जे झाले तेच आपल्या पत्र्याच्या पेटीचे होते, फरक एवढाच की आपल्या पेटीची बातमी होत नाही.

मोबाईलमध्ये आहे, म्हणजे आहे का?

आज बहुतेक घरांत सारे फोटो मोबाईलमध्येच असतात. मोबाईल पडतो, पाण्यात जातो, बसमध्ये मारला जातो, दुरुस्तीवाला ‘सर, रिसेट करावा लागेल’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. त्या एका होकारात पाच वर्षे जातात. दुरुस्तीला देण्याआधी फोटो काढून घेतले का, हे विचारणारा दुकानदार भला. पण जबाबदारी आपली.

एक फार साधी चूक इथे सांगतो, कारण ती आमच्याच धाकट्या मुलाने केली. मोबाईलची जागा भरली म्हणून त्याने सारे फोटो पेनड्राईव्हवर हलवले आणि निर्धास्त झाला. आम्ही विचारले, आता प्रती किती? म्हणाला, एक. ताका या कपाटातून त्या कपाटात ठेवला म्हणून दोन ताके होत नाहीत. हलवणे वेगळे आणि नक्कल करणे वेगळे. संगणकावर ‘कट’ आणि ‘कॉपी’ असे दोन शब्द असतात. घरच्या फोटोंवर ‘कट’ कधीच चालवू नये. आधी कॉपी करावी, ती दोन ठिकाणी उघडून बघावी, मगच मोबाईलमधून पुसावे.

‘व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकले आहेत, सगळ्यांकडे आहेत’ हे दुसरे फसवे समाधान. व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना फोटो दाबून लहान करते. मोबाईलच्या पडद्यावर तो बरा दिसतो, पण मोठा करून तसबिरीत लावायला गेलो की चेहरा विस्कटतो. एचडी पर्याय निवडला तर थोडे बरे. मूळ फोटो जसाच्या तसा पाठवायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. दुबई, जेद्दाहला असलेल्या मुलांना आम्ही हेच सांगतो, की नातवाचा चांगला फोटो असेल तो डॉक्युमेंट करून पाठवा.

तिसरी गोष्ट गुगल फोटोजची. ही सोय चांगली आहे, आम्हीही वापरतो. घर बुडाले तरी त्यातले फोटो बुडत नाहीत, म्हणजे घराबाहेरची एक प्रत आपोआप होते. पण तिचे व्यवहार समजून घ्यावेत. १ जून २०२१ पर्यंत ठराविक दर्जाचे फोटो कितीही फुकट ठेवता येत. त्यानंतर १५ जीबीची मर्यादा आली आणि त्या १५ जीबीत जीमेल, ड्राईव्ह सारे धरले जाते. अँड्रॉईड फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. जागा भरली की नवे फोटो वर जाणे थांबते आणि आपल्याला वाटत राहते की जात आहेत. आमच्या बेगमच्या मोबाईलवर असेच सात महिने काही गेले नव्हते. सूचना इंग्रजीत येत होती, त्या ती बाजूला सारत होत्या.

त्याहून महत्त्वाचे असे की, गुगल फोटोजमध्ये फोटो पुसला तर तो मोबाईलमधून आणि वरच्या साठ्यातून दोन्हीकडून जातो. वर गेलेला फोटो पुसल्यावर साठ दिवस कचरापेटीत राहतो, मग कायमचा जातो. ज्या वहीत एक ओळ खोडली की दुसऱ्या वहीतलीही तीच ओळ आपोआप खोडली जाते, ती दुसरी वही कसली? ती आरशातली वही. मोबाईलची जागा रिकामी करायची असेल तर त्याच अ‍ॅपमधला ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय वापरावा, त्याने वर पोचलेले फोटो फक्त मोबाईलमधून निघतात. शिवाय दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल बंद करून पुसू शकते. आजोबांच्या जुन्या फोनवरचे खाते कोणी उघडत नसेल तर ते एकदा उघडून ठेवावे. सारे फोटो एकदम खाली उतरवून घेण्यासाठी गुगलचीच ‘टेकआऊट’ नावाची सोय आहे. वर्षातून एकदा त्याने सगळे डिस्कवर घ्यावे, हे आमचे मत.

डिस्क, पेनड्राईव्ह आणि कॅसेट

घरची दुसरी प्रत ठेवायला आजच्या घडीला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क हा परवडणारा मार्ग आहे. भाव आम्ही लिहीत नाही, तो सुतासारखा हलतो. मोबाईलचा एक फोटो पाच एमबीचा धरला तर एक टीबीच्या डिस्कवर दोन लाखांच्या आसपास फोटो बसतात. जागा खातात ते व्हिडीओ. फोर-के दर्जाचा व्हिडीओ मिनिटाला १७० ते ३५० एमबी घेतो, म्हणजे तासाभराच्या रिसेप्शनला दहा ते वीस जीबी. घरगुती चित्रीकरणाला फुल एचडी पुरे आहे. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनीही अडून राहू नये. बऱ्याच नव्या अँड्रॉईड फोनला ओटीजीची छोटी पिन लावून पेनड्राईव्ह किंवा डिस्क थेट जोडता येते.

डिस्क म्हणजे आत फिरणारी तबकडी असते. चालू असताना ती पडली की संपली. जोडलेली असेल तर ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ओढू नये. आतून टकटक आवाज येऊ लागला की ताबडतोब बंद करून तीतले फोटो काढणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यात उरलेसुरलेही जाते. तीन ते पाच वर्षांनी नवी घ्यावी आणि जुनी तिसरी प्रत म्हणून ठेवावी. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात ती झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवावी. चपलांच्या, बॅगांच्या खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या आपण फेकतो. त्यातल्या दोन डब्यात टाकाव्यात.

पेनड्राईव्ह आणि मेमरी कार्ड ही नेण्या-आणण्याची साधने आहेत. वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिली तर त्यांतली साठवण निसटू शकते. सीडी-डीव्हीडी जाळून ठेवलेल्यांनी त्या आजच उघडून बघाव्यात, त्यांच्यावरचा रंगाचा थर काळाने उतरतो. शिवाय आता नव्या लॅपटॉपला डीव्हीडीचा कप्पाच नसतो.

व्हीएचएस कॅसेट घरात असेल तर तिला पहिला नंबर द्या. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे चालू स्थितीतली यंत्रे दरवर्षी कमीच होणार. कॅसेट संगणकावर उतरवायला ती जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ लागतो, तीन तासांच्या कॅसेटला तीन तास. कोणी अर्ध्या तासात करून देतो म्हणाला तर त्याच्याकडे देऊ नये. पांढरी बुरशी दिसत असेल तर आधी साफ करून घ्यावी, नाहीतर यंत्रही बिघडते आणि पुढच्या गिऱ्हाइकाची कॅसेटही. उतरवून झाल्यावर फाईल घरी आणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघावी, आवाज आहे ना हे ऐकावे आणि मूळ कॅसेट फेकू नये.

लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांविषयी थोडे. हंगामात त्यांच्याकडे आठवड्याला चार-चार लग्ने असतात. किती दिवस ते सगळ्यांचे फोटो सांभाळतील? काही महिन्यांनी डिस्क रिकामी करणे त्यांना भागच असते. तेव्हा आल्बमची वाट न बघता पंधरा दिवसांत स्वतःची डिस्क घेऊन जावे आणि मूळ फाईल मागाव्यात. या धंद्यातल्या आमच्या भाऊबंदांनाही विनंती की, फोटो किती दिवस ठेवले जातील हे बिलावर छापावे. भांडणे वाचतील.

घरातल्या स्त्रियांचे फोटो परक्या हातात जाऊ नयेत म्हणून बरीच घरे डिस्क किंवा गुगल दोन्हींना नको म्हणतात. ही काळजी खोटी नाही. त्यावर उपाय आहे. डिस्कला पासवर्डचे कुलूप लावता येते, मग ती हरवली तरी दुसऱ्याला उघडत नाही. पण हे कुलूप खरे असते. पासवर्ड विसरला तर आपल्यालाही उघडणार नाही. तो कागदावर लिहून जिथे घराची खरेदीखते असतात तिथे ठेवावा.

ओले फोटो हातात आले तर

पाण्यातून काढलेले फोटो ओढून सुटे करू नयेत. स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत बुडवून ठेवावेत, सुटतील तसे हलकेच सोडवावेत. चित्राच्या बाजूला बोट लावू नये, पुसू नये. वाहत्या चिखलाचा थर पाणी बदलत धुवावा, मग चित्र वर करून सावलीत, टीपकागदावर किंवा धुतलेल्या सुती कापडावर वाळवावेत. उन्हात किंवा इस्त्रीने नाही. दोन दिवसांत सारे वाळवणे जमणार नसेल तर मधे मेणकागद घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावेत आणि फ्रीजरमध्ये ठेवावेत. गोठलेले फोटो सवडीने काढता येतात. वीज नसेल तर ओळखीच्या बर्फवाल्याकडे, आइस्क्रीमवाल्याकडे ठेवावेत. २०१९ ला हे एवढे आम्हाला कोणी सांगितले असते तर दोन आल्बम तरी हाती लागले असते.

निगेटिव्ह असतील तर त्या आधी वाचवाव्यात, त्यांवरून फोटो पुन्हा काढता येतो. भिजलेली डिस्क किंवा मोबाईल चालू होतो का, हे बघायला जाऊ नये. भिजलेली कॅसेट यंत्रात घालू नये, हे आता वेगळे सांगायला नको.

आणि पूर येण्याआधीचे काम असे की, कागदी फोटो आजच मोबाईलमध्ये घ्यावेत. ज्याला जमेल त्याने स्कॅनरवर ३०० डीपीआयने, पासपोर्टएवढा लहान फोटो असेल तर ६०० ने. स्कॅनर नसेल तर दिवसा खिडकीजवळ सावलीत, फ्लॅश न लावता, सरळ वरून. फोटोच्या पाठीचाही एक फोटो घ्यावा.

पाठीचा का? वालिदसाहेबांच्या त्या १९७८ च्या फोटोमागे त्यांच्या हाताने उर्दूत लिहिलेले आहे. कोण उभे आहे, पाटी कोणी रंगवली, तारीख काय. आम्ही उर्दू शाळेत शिकलो म्हणून ते वाचू शकलो. आमची मुले इंग्रजी माध्यमाची, त्यांच्यासाठी ती नुसती नक्षी. फुफीकडच्या बाकीच्या अकरा फोटोंमागे काहीच लिहिलेले नाही. त्यांतले चार चेहरे फुफीलाही ओळखता आले नाहीत आणि आता विचारायला फुफीही राहिली नाही. तेव्हा फोटोची प्रत करताना फाईलला नाव द्यावे, ‘१९७८ दुकान पाटी अब्बा’ एवढे पुरे. मराठीत द्या, इंग्रजीत द्या, पुढच्या पिढीला वाचता येईल त्यात द्या. घरात कोणी सत्तरीच्या पुढचे असेल तर एक जुम्मा दुपारी त्यांच्याजवळ बसून नावे लिहून घ्या.

कारागीर बंधूंनी आणखी एक करावे. आपल्या वडिलांचा, आजोबांचा काम करतानाचा फोटो, जुन्या नमुन्यांचे फोटो तारखेसह जपावेत. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावर केवढी चर्चा झाली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले होते म्हणून बोलायला आधार होता. हेच दागिने, जरी, भरतकाम यांच्या नमुन्यांचे. आमच्या घरात हे पिढ्यांचे काम आहे, हे नुसते तोंडी सांगण्यापेक्षा फोटो दाखवून सांगितलेले बरे.

कुलूपबंद मोबाईल

एक प्रसंग लिहावा की नाही, असा विचार करत होतो. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या ओळखीचे एक शिलाई कारागीर इस्पितळात गेले, ते परत आले नाहीत. त्यांचा मोबाईल घरी आला. त्यात त्यांच्या दोन लहान मुलींचे पहिल्या दिवसापासूनचे फोटो होते आणि इस्पितळातून त्यांनी बायकोसाठी बोलून ठेवलेले काही असेल, अशी तिला आशा होती. पॅटर्न कोणालाच ठाऊक नव्हता. भावाने मोबाईल एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने कुलूप उघडून दिले, पण सारे पुसून. त्याने काही वाईट हेतूने केले नाही, त्याला जमणारा मार्ग तोच होता. आत काय आहे हे त्याला कोणी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही.

म्हणून आपल्या मोबाईलचा पॅटर्न किंवा पिन घरातल्या एका भरवशाच्या माणसाला ठाऊक असू द्या, किंवा तिजोरीत चिठ्ठी ठेवा. गुगलमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाऊंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. आपण ठरवलेल्या मुदतीत खाते वापरले गेले नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला गुगल कळवते आणि आपण परवानगी दिली असेल ते त्याला उतरवून घेता येते. अ‍ॅपलमध्ये अशाच कामासाठी ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे. नेमणूक आपल्या हयातीतच करावी लागते.

आमच्या घरी आता असे चालते. महिन्याच्या पहिल्या इतवारी, जेव्हा दुकानाचा हिशेब डिस्कवर घेतो, तेव्हाच घरातले चार मोबाईल जोडून फोटो त्याच डिस्कवर, पण वेगळ्या फोल्डरमध्ये, साल-महिना घालून कॉपी करतो. तासभर लागतो. महत्त्वाचे तेवढे गुगलवरही असते. मार्चअखेर मालाची मोजणी असते, त्याच दिवशी डिस्कमधले वीस-पंचवीस फोटो आणि दोन-तीन व्हिडीओ कुठूनही उघडून बघतो. उघडत नाही असा एक सापडला तर सारे तपासतो. गेल्या मार्चमध्ये एक पूर्ण फोल्डर रिकामे निघाले, नाव होते, आत काही नव्हते. मोबाईलमध्ये ते फोटो अजून होते म्हणून बचावलो.

दुसरी डिस्क सोलापूरला फुफीच्या मुलाकडे असते, त्याच लोखंडी कपाटात. वर्षातून दोनदा चादरी, टॉवेलच्या खरेदीला आम्ही सोलापूरला जातो, तेव्हा ताजी डिस्क नेतो आणि जुनी परत आणतो. जून सुरू व्हायच्या आत एक फेरी होतेच.